पाचर मारलेल्या दांड्या

मिस्त्रींचा जगावर विश्वास नव्हता, आणि जगानं त्यासाठी कधी काही केलंच नाही असं त्यांचं म्हणणं. दुधाची पिशवी घरात आली की ते ती आधी हलवून बघत, मग उजेडात धरत, आणि मग "आजही पाणी" असं जाहीर करत. टपालवाल्यानं पाकीट दिलं की डिंकाची कड तपासत. डोळ्यांच्या डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आता काढायला हवा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि बाहेर आल्यावर लेकीला म्हणाले, "आत गेलेल्या प्रत्येकाला मोतीबिंदू निघाला. मी तासभर बसून बघत होतो. दुकान आहे ते."

मिस्त्री म्हणजे लाकडाचे मिस्त्री. चाळीस वर्षांत त्यांनी जितकी कपाटं केली त्याहून जास्त संशय घेतले, असं त्यांची बायको म्हणायची. ती गेली आणि मिस्त्री मुलाकडे राहायला गेले. मुलाचं घर नवव्या मजल्यावर. सुनेनं हत्यारांची पेटी माळ्यावर ठेवली, तर मिस्त्रींनी ती विकून टाकल्याचा बोभाटा केला. पेटी सापडली, तर आतली पटाशी बदलली म्हणून अडून बसले. शेवटी त्या घरात कुणी कुणाशी बोलेना. तेव्हा लेक म्हणाली, "महिनाभर माझ्याकडे या बाबा, तेवढाच सगळ्यांना विसावा."

लेकीचं घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागच्या दाराबाहेर हातभर रुंदीचं का होईना, पण अंगण. त्यात कपडे धुवायचा दगड, एक लिंबाचं झाड आणि कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर असलेली अडगळीची खोली. पहिल्याच सकाळी मिस्त्रींनी झाडाखाली दोन खोकी मांडली, वर फळी टाकली, पेटी उघडली आणि उगाचच एका तुकड्यावर रंधा फिरवला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना भूक लागली. त्यांना इथंच राहायचं होतं. महिनाभर नाही, कायमचं. पण तोंड उघडून मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं. घराला आपली गरज पडली पाहिजे, मग कोण कशाला जा म्हणेल, असा त्यांचा साधा विचार.

गरज कोंबड्यांनी भागवली. लेक टपाल कचेरीत कामाला. तिथल्या एका बाईची बदली झाली आणि तिच्या पाच कोंबड्या लेकीनं घरी आणल्या. अडगळीच्या खोलीतलं सामान निघालं, जाळी लागली, अंडी घालायला फळांची तीन खोकी आली आणि खुराडं तयार झालं. फक्त संध्याकाळ झाली की पाचही कोंबड्या त्या खोक्यांत शिरून झोपायच्या आणि सकाळी अंडी विष्ठेनं माखलेली निघायची.

"आडवी काठी टाकू या एक," जावई म्हणाला. "कोंबड्यांना उंचावर बसून झोपायचं असतं म्हणे."

"काठी म्हाताऱ्यांना लागते, जावईबापू," मिस्त्री म्हणाले. "कोंबडीला दांडी लागते. तुम्ही नका पडू त्यात, मी बघतो."

जावई घड्याळं दुरुस्त करायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं एक खिडकीएवढं दुकान होतं. माणूस शांत. इतका शांत की मिस्त्रींना ते पहिल्यापासून खटकलेलं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून दुसऱ्याच्या घड्याळात डोकावणारा माणूस घरी आल्यावर कुणाकडे धड बघत नाही, आणि जो धड बघत नाही त्याच्या पोटात काहीतरी असणारच, हे मिस्त्रींनी लग्नाच्या वेळीच बायकोला सांगून ठेवलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली. पोटातलं अजून बाहेर आलं नव्हतं, म्हणजे ते किती खोल असेल बघा.

मग मिस्त्री कामाला लागले. आधी त्यांनी कोंबड्यांना नावं ठेवली, म्हणजे दोन्ही अर्थांनी ठेवली. सगळ्यांना टोचणारी ती कैदाशीण. मग तांबडी, ठिपकी, लंगडी, आणि कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांवर नजर ठेवणारी ती सूनबाई. प्रत्येकीला मांडीवर घेऊन त्यांनी पायाची बोटं मोजली, छातीची रुंदी मोजली. एकीला एक वीत आणि वर दोन बोटं जागा. दांडी गोल नको, चपटी हवी, म्हणजे कोंबडी तिच्यावर तळवे टेकून बसते आणि पोटाखाली बोटं झाकून घेते. कडा मात्र घासून गोल, नाहीतर तळव्याला फोड येतो. दांडी अंड्यांच्या खोक्यांहून उंच, कारण कोंबडी जिथं सगळ्यांत उंच तिथंच झोपणार. भिंतीपासून हातभर पुढे, शेपटी घासायला नको. आणि दोन दांड्या एकीखाली एक नाहीत, पायरीसारख्या मागेपुढे, म्हणजे वरचीचा प्रसाद खालचीच्या डोक्यावर पडत नाही.

"हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?" लेकीनं विचारलं.

"त्यांनीच," मिस्त्री म्हणाले. "मी चार संध्याकाळ त्यांच्याकडे बघत बसलो होतो ना."

सांध्यांवर मात्र ठिणगी पडली. दोन दांड्या, प्रत्येकीला दोन टोकांना खांब आणि मधे एक टेकू, असे एकूण सहा सांधे. खांबात खोबण, दांडीला जीभ, जीभ खोबणीत ठोकून बसवायची आणि वरून लाकडाची पाचर मारायची. एकही खिळा नाही. मिस्त्रींनी जन्मात सांध्याला खिळा मारला नव्हता.

जावई दारात उभा राहून बघत होता. "बाबा, दांडी उचलून काढता येईल अशी ठेवायची का? धुवायला बरी पडेल."

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. "निघणारा सांधा? जावईबापू, हे दात आहेत. कवळी नाही."

जावई हसला आणि आत गेला. तो का हसला, यावर मिस्त्रींनी दुपारभर विचार केला.

पहिल्या संध्याकाळी कैदाशीण उडी मारून वरच्या दांडीवर गेली, इकडून तिकडे चालली आणि मधोमध बसली. तिच्यामागून बाकीच्या. सूनबाईला खालच्या दांडीचं टोक मिळालं. पाच कोंबड्या ओळीनं बसल्या आणि पिसं फुगवून एकमेकींना टेकल्या, तेव्हा लेकीनं बापाचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, काय सुंदर केलंत हो!" मिस्त्री त्या रात्री पोटभर जेवले. सकाळी चार अंडी निघाली, चारही स्वच्छ. आता कोण जा म्हणतो बघू, असं त्यांनी लिंबाच्या झाडाला सांगितलं.

आठवडा असा गेला, आणि मग कोंबड्या बिघडल्या.

अंधार पडायला लागला की त्या खुराड्याच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या, पण आत जायच्या नाहीत. ढकललं तर जाऊन खाली भुशात बसायच्या. दांडीवर बसवलं तर सारख्या पाय बदलायच्या, अंगाला टोचून घ्यायच्या. अंडी चारावरून दोनावर आली, दोनाचं एक झालं. सूनबाईचा तुरा फिका पडला. मिस्त्रींनी दांड्यांवरून हात फिरवला. गुळगुळीत. सांधे चाचपले. एकही हलत नव्हता. कामात खोट नाही म्हणजे खोट माणसात आहे, हे ओघानंच आलं.

आणि त्याच सुमाराला एक दिवस पोळ्या लाटता लाटता लेक म्हणाली, "बाबा, महिनाअखेरीला दादा येणार आहे. तुम्हाला घ्यायला."

ती लाटण्याकडे बघून बोलली.  मिस्त्रींचं डोकं लगेच चालू झालं. हे पोरीचं बोलणं नव्हे. पोर आपली. तिनं हात धरून कौतुक केलं होतं. तिच्या तोंडून हे कोण बोलतंय ते उघड होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मनात शंकेची पाल जी चुकचुकली, ती चुकचुकतच राहिली. जावई दुकान बंद करून घरी आला की आधी घरात यायचा, हातपाय धुवायचा, चहा मागायचा. आता तो बोळातून थेट मागच्या अंगणात जायला लागला होता. बूटसुद्धा न काढता. दहा मिनिटांनी हात पुसत बाहेर यायचा. "काय चाललं होतं?" असं विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, पाणी बघितलं कोंबड्यांचं." पाण्याचं भांडं सकाळी मिस्त्री स्वतः भरायचे. काठोकाठ.

त्यात एकदा ते न्हाणीघरातून येत होते आणि खोलीचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आतून जावयाचा आवाज आला, "बाबांना यातलं काही कळता कामा नये." लेक म्हणाली, "अहो, पण किती दिवस लपवणार?" मिस्त्री भिंतीला टेकून उभे राहिले. टॉवेलमधून पाणी गळत होतं. तर हे असं होतं. आधी दांड्या बिघडवायच्या, म्हातारा कुचकामी ठरवायचा, आणि मग मुलाला बोलावून गाठोडं हवाली करायचं. पोरीला सामील करून घेतलंय, का तिला दमात घेतलंय, एवढाच प्रश्न होता.

मिस्त्रींनी पुरावे गोळा करायचं ठरवलं. खुराड्याच्या दाराला त्यांनी खाली एक दोरा बांधला. संध्याकाळी तो तुटलेला निघाला. मग जमिनीवर बारीक भुसा चाळून एकसारखा पसरला. संध्याकाळी जावई जाऊन आल्यावर त्यांनी बघितलं, तर भुशात बुटांचे ठसे होते आणि दांड्यांपाशी गुडघ्यांचे दोन गोल खळगे. गुडघे टेकून! पाणी बघायला कुणी गुडघे टेकतं का? त्यांनी सांध्यावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. तेलाचा वास.

तेल. म्हणजे दांड्या निसरड्या केल्या. म्हणून बिचाऱ्या आत जात नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. निमित्त होतं घड्याळाच्या पट्ट्याचं. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक बाहेर रस्त्यावर उभं राहणार आणि फळीच्या आत फक्त घड्याळजी मावणार. भिंतीवर वीस घड्याळं, वीस वेगवेगळ्या वेळा. जावयानं भिंग डोळ्यावरून कपाळावर सरकवलं आणि त्यांच्यासाठी चहा सांगायला तो शेजारच्या टपरीपर्यंत गेला. मिस्त्रींनी मान आत घातली. काचेखाली चिमटे, इवलाले स्क्रू, तेलाची बाटली, तिच्यात सुईएवढी काडी. आणि बाटलीखाली दाबलेला एक कागद. तो त्यांनी डोळ्यांजवळ आणून बघितला. त्यांच्या दांड्या होत्या. हुबेहूब. दोन रेघा पायरीसारख्या मागेपुढे, आणि सहाच्या सहा सांध्यांवर लाल फुली.

मिस्त्रींनी कागद खिशात घातला. आलेला चहा ते उभ्यानंच प्याले, बशी न मागता.

त्या संध्याकाळी सूनबाई मेली. लेकीला ती खुराड्याच्या कोपऱ्यात भुशावर सापडली. एवढीशी झाली होती. लेकीनं तिला जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि मागच्या पायरीवर बसून ती रडायला लागली. जावई तिच्या शेजारी उभा होता. मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी खिशातून कागद काढला आणि जावयापुढे धरला.

"हे काय आहे, जावईबापू?"

जावयानं कागद बघितला. 

"मी सांगतो. हा नकाशा आहे. कुठं कुठं तेल ओतायचं त्याचा. रोज संध्याकाळी गुडघे टेकून काय करता तुम्ही तिथं? म्हाताऱ्याचं काम वाईट दिसावं म्हणून मुक्या जनावरांच्या मुळावर उठलात?" आवाज चढला होता. शेजारची खिडकी उघडली. "मला घालवायचं होतं तर सरळ जा म्हणायचं. मी कुणाच्या दारात पडून राहणारा माणूस नाही."

"अहो, सांगून टाका ना," लेक डोळे पुसत म्हणाली.

"नको," जावई म्हणाला. मग मिस्त्रींकडे वळून, "तेल मी लावत होतो बाबा. चुकलं माझं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"आजपासून खुराड्यात पाऊल टाकायचं नाही."

"बरं."

इतक्या पटकन बरं? मिस्त्रींना जिंकल्यासारखं वाटलं, पण पुरतं नाही. चोर इतक्या सहज कबूल करत नाही, यात आणखी काहीतरी पाणी मुरतंय, असं म्हणत ते झोपायला गेले.

सकाळी त्यांनी साबणाच्या फडक्यानं सगळं तेल पुसून काढलं. सांधे कोरडे ठणठणीत केले. पण कोंबड्या सुधारल्या नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी चारही जणी कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसल्या. तिसऱ्या संध्याकाळी कैदाशीण लिंबाच्या झाडावर. मिस्त्रींना काही कळेना. जावई अंगणाच्या दाराशीसुद्धा येत नव्हता. तेल नव्हतं. मग आता काय?

चौथ्या दिवशी सूर्य बुडता बुडता त्यांनी एकेकीला पकडून आत नेलं, दार लावून घेतलं आणि स्वतःच दांडीला टेकून आत बसले. एका हातानं तांबडीला धरलं, दुसरा हात दांडीवर लांब ठेवला, म्हणजे पलीकडच्या तिघी त्या हाताला बिचकून का होईना, जागेवर राहतील. "बसा ग," ते म्हणत होते. "बसा. महिना संपायला सहा दिवस राहिलेत. तेवढे तरी बसा."

थोड्या वेळानं हाताला खाज सुटली. मग मानेला. मग बनियनच्या आत. त्यांनी खाजवलं तसं ते आणखी वाढलं, आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. खाजकुयली! तेल बंद केलं म्हणून आता खाजकुयली टाकली! ते उठले, हात पुढे धरून तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि दिव्याखाली उभे राहिले.

"बघ! बघ तुझ्या नवऱ्याचे उद्योग! खाजकुयली टाकली दांड्यांवर!"

लेकीनं त्यांचा हात धरला. पांढऱ्या बाहीवर बघितलं. मिस्त्रींना बाही फक्त पांढरी दिसत होती, थोडीशी मळकट.

"बाबा, हे चालतंय," लेक म्हणाली.

"काय चालतंय?"

तिनं बाहीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं लाल डाग उमटला होता. एवढा मात्र त्यांना दिसला.

"किडे आहेत. सुईच्या टोकाएवढे. हे रक्त कोंबड्यांचं आहे, आता थोडं तुमचंही असेल." ती खुर्ची ओढून बसली. "दिवसा फटीत लपतात. अंधार पडला की बाहेर येतात आणि दांडीवर बसलेल्या कोंबडीवर चढतात. म्हणून त्या आत जात नाहीत. ह्यांना पहिल्यांदा भिंगातून दिसले."

"कुठल्या फटीत?"

लेकीनं अंगठा फडक्याला पुसला.

"कुठल्या फटीत, पोरी?"

"सांध्यांच्या."

"माझ्या सांध्यांना फट नसते."

"आहे बाबा. सहाही सांध्यांना आहे. अंगठ्याचं नख जाईल एवढी. तुम्हाला दिसत नाही. किडे कोंबड्यांबरोबरच आले असतील, पण त्यांना घर आपण बांधून दिलं. दांड्या निघाल्या असत्या तर उन्हात टाकल्या असत्या, उकळत्या पाण्यानं धुतल्या असत्या. त्या निघत नाहीत. मग हे रोज येऊन एकेका फटीत सुईनं तेल सोडत बसायचे. तेलात किडे गुदमरतात. त्यानं संपत नव्हते, पण वाढत नव्हते. आणि तुम्ही ते पुसून काढलंत."

मिस्त्री उभेच होते. खाज सुटत होती, पण हात हलत नव्हता.

"मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, बाबा हाय खातील. आधी आई गेली, मग घर सुटलं, आता हातातलं कामही वाईट झालं असं कळायला नको." तिनं टेबलावर सांडलेल्या पाण्याचा ओघळ बोटानं पुसला. "मी म्हटलं सांगा. त्यांनी ऐकलं नाही."

"आणि दादाला मात्र बोलावून घेतलं," मिस्त्री म्हणाले. त्यांच्याजवळ आता तेवढंच उरलं होतं. "त्यात मात्र तुझा नवरा—"

"मी बोलावलं."

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं.

"मी, बाबा. ते तर नको म्हणत होते. अजूनही म्हणतात." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्त लागला. "दूधवाला चोर, डॉक्टर चोर, वहिनी चोर. आईनं जन्मभर सोसलं. कुणी दारात आलं की तिला धडकी भरायची, आता हे काय बोलतील म्हणून. माझ्या घरात मला ते नको होतं. अकरा वर्षांत ह्यांनी तुमच्याविषयी एक वाकडा शब्द काढला नाही, आणि तुम्ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं त्यांना कोंबडी मारणारा म्हणालात. मला नाही हो जमणार."

एवढं बोलून ती उठली आणि पाणी तापवायला ठेवलं, त्यांच्या आंघोळीसाठी.    आंघोळ करताना मिस्त्री रडले. पाण्याच्या आवाजात कुणाला कळलं नसावं, निदान त्यांना तरी तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाची सुट्टी होती. मिस्त्री सकाळीच करवत घेऊन खुराड्यात शिरले. आपलाच सांधा सोडवायला त्यांनी आधी हातोडीनं ठोकून बघितलं. पाचर जागची हलली नाही. त्यांनीच मारली होती ती. मग करवत लावली आणि एकामागून एक सहाही सांधे कापले. दांड्या बाहेर ओढून त्यांनी फरशीवर आपटल्या, आणि कापलेल्या जिभेवर बोट फिरवलं. बोटावर लाल चिकटलं.

जुन्या दांड्या खांब-टेकूंसकट जाळल्या. खुराडं उकळत्या पाण्यानं धुतलं. दुपारपर्यंत लिंबाच्या झाडाखाली रंधा चालला होता. नव्या दोन दांड्या आधीसारख्याच चपट्या, गोल कडांच्या. पण नव्या खांबांना खोबण नव्हती. वरून उघडी अशी नुसती खाच, जिच्यात दांडी ठेवली की बसते आणि उचलली की निघते. कुणीही उचलावी. लेकरानंसुद्धा.

सगळं लावून झालं आणि मिस्त्री खुराड्याच्या दारात आले. जावई लांब पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. बरं म्हणाला होता ना, तो अजून खुराड्याकडे फिरकला नव्हता.

"जावईबापू," मिस्त्री म्हणाले.  "भिंग घेऊन या तुमचं."

जावई आला. दाराशी थांबला.

"या आत. मी मूर्खासारखं बोललो होतो. ते विसरा म्हणत नाही, पण आत या." मिस्त्री बाजूला सरकले. "आणि बघा जरा. कुठं फट राहिलीय का. मला दिसत नाही."

मागच्या दारात लेक येऊन उभी राहिली होती. तिच्या कानाला फोन होता. पलीकडे तिचा भाऊ कुठल्या गाडीनं येऊ, सामान किती आहे, हत्यारांची पेटी पण न्यायची का, असं विचारत होता.

जावयानं गुडघे टेकले. भिंग डोळ्याला लावलं आणि तो एकेक खाच बघत पुढे सरकला. चाळीस वर्षांत मिस्त्रींचं काम कुणी तपासलं नव्हतं. ज्या एकानं प्रयत्न केला होता, त्याच्या अंगावर त्यांनी काटकोन मापायचा गुण्या फेकला होता. पाचव्या खाचेपाशी जावई थांबला. भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "इथं एक आहे. बारीकशी."

मिस्त्री त्याच्या शेजारी खाली बसले. गुडघे कडाकडा वाजले. त्यांनी पटाशी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचं बोट पुढे केलं.

"कुठं? माझं बोट ठेवा तिथं."

जावयानं त्यांचं बोट धरलं आणि फटीवर नेऊन ठेवलं.

"हॅलो?" फोनमधून भाऊ म्हणत होता. "ऐकतेयस ना? कधी येऊ ते सांग."

"दादा," लेक म्हणाली, "तू नको येऊस. बाबांचं काम चालू आहे इथं."